तीन डबे आणि धुण्याचा दगड

तमाम नागरिक बंधुभगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, कागदाच्या डब्यात कमोड सापडलेला आहे. कमोड अखंड असून झाकणासह आहे. ज्या सद्गृहस्थांचा असेल त्यांनी ओळख पटवून तो सन्मानाने घरी घेऊन जावा. त्याच्यावाचून त्यांची फार गैरसोय होत असेल, या काळजीने आम्हांला घास गिळवत नाही.

ही घोषणा माझी नाही. आमच्या घरमालकांची. वाडीच्या बुटक्या कुंपणभिंतीवर उभे राहून, दोन्ही हातांचा कर्णा करून, सकाळच्या पाळीच्या बसगाड्या जायच्या वेळेला ते ती देत. अर्धी चड्डी, जाळीचा बनियन, डोक्याला पंचा आणि आवाज असा की बसमध्ये डुलक्या घेणारी माणसं दचकून खिडकीबाहेर बघायची. एरवी मालक घरची बोली बोलत. घोषणा म्हटली की मात्र शुद्ध पुस्तकी मराठी. मी एकदा कारण विचारलं.

"लाज काडायची तर शुद्ध भाषेत काडावी," ते म्हणाले. "आपल्या बोलीत काडली का लोकांना वाटतं, आमी भांडतो हाव."

मी कराडकडचा. बोईसरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून या मुलखात आलो आणि खोली शोधत शोधत कुंभवलीच्या अलीकडे मालकांच्या वाडीत शिरलो. चिकूची झाडं, थोडी नारळाची, मधोमध कौलारू घर आणि मागच्या अंगाला भाडेकरूंसाठी बांधलेल्या खोल्या. मालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही, म्हणजे या देशात घरमालक म्हणून ते जवळजवळ नालायक होते. त्यांनी विहिरीतून ताजं पाणी काढलं, पेला भरला, माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

मी प्यायलो. पाणी खरोखर गोड होतं. माझ्या तोंडावर ते उमटलं असावं.

"बायकोला विचारा, खोली कुठली द्यायची ती," ते म्हणाले आणि चिकू उतरवायला निघून गेले. नंतर कळलं, माझ्याआधी आलेल्या एका माणसाने पेला तोंडाला न लावता पिशवीतली बाटली काढली होती. त्याला खोली शिल्लक नसल्याचं सांगण्यात आलं. खोल्या सगळ्या रिकाम्या होत्या.

विहिरीला मालक 'बाव' म्हणत. ती रस्त्याकडच्या भिंतीला अगदी लागून होती, आणि त्या भिंतीत माणूस आडवा होऊन शिरेल एवढी एक फट होती. ती मालकांच्या वडलांनी मुद्दाम ठेवलेली. रस्त्याने जाणाऱ्याला तहान लागली तर त्याने हाक न मारता आत यावं, पाणी काढावं, प्यावं आणि जावं. फटीला फाटक नव्हतं. "पाण्याला कडी घालायची नाय," हे वडलांचं वाक्य मालक मंत्रासारखं म्हणत. बाकी मंत्र त्यांना एकही येत नव्हता. देवळात ते कधी गेलेले मी पाहिले नाहीत. काकू, म्हणजे मालकांची बायको, पालघरजवळच्या माहीमच्या, भरल्या देवघरातून आलेल्या. त्यांना याचं फार वाईट वाटे. "यांचा देव बावीत हाय," त्या म्हणायच्या, "दुसरीकडं कशाला जातील?"

आता डब्यांकडे वळू. एका कंपनीला एके वर्षी समाजसेवेचा झटका आला आणि तिने आमच्या वळणावर, मालकांच्या भिंतीला टेकून, तीन टोलेजंग डबे बसवले. निळा कागदाचा, पिवळा प्लास्टिकचा, हिरवा काचेचा. डब्यांवर चित्रंही होती, म्हणजे निरक्षरांची अडचण नको. उद्घाटनाला मंडप, माईक, हार, सगळं साग्रसंगीत झालं. पर्यावरणावर तीन भाषणं झाली. मग पाहुण्यांनी नारळ फोडला, फीत कापली, खोक्यातलं जेवण जेवले आणि नारळाची करवंटी, फीत, हार, उरलेला पुलाव आणि अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या असं सगळं जे डबा जवळ सापडला त्यात घालून गाडीत बसले. डब्यांची बोहनी झाली.

त्यानंतर गावाने डब्यांचा जो अर्थ लावला तो ऐकण्यासारखा आहे. निळ्या डब्यावर वर्तमानपत्राचं चित्र होतं. लोकांनी ते सूचनेसारखं वाचलं आणि सूचना पाळली. माशांचे काटे, केस, शिळा भात, बाळाचे लंगोट, जे काय असेल ते स्वच्छ वर्तमानपत्रात गुंडाळून निळ्या डब्यात घालायला सुरुवात केली. मालकांनी एका बाईंना थांबवून विचारलं, "ताई, हा कागदाचा डबा हाय. तुमी कोलंबीची टरफलं का टाकता?"

बाई दुखावल्या. "कागदात बांधलीत की! उघडी टाकतेय का मी?"

मालकांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

मोडक्या पायाची एक प्लास्टिकची खुर्ची त्यांनी पिवळ्या डब्याच्या मागून ओढून काढली होती. तिला विटेचा टेकू देऊन ते संध्याकाळी भिंतीच्या आत बसत आणि टाकणाऱ्यांकडे बघत. "माणूस बोलतो त्यातलं निम्मं खोटं," ते म्हणत. "टाकतो तेवढं मात्र सगळं खरं." कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणी डॉक्टर बदलला, कोण बायकोपासून लपवून पितो आणि बाटली शेजाऱ्याच्या पिशवीत सरकवतो, हे त्यांना ठाऊक असे. चहाड्या मात्र त्यांनी कधी केल्या नाहीत. घोषणेतही नाव घेत नसत. स्वतः दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून, चिमटे लावून दोरीवर वाळत घालत. नवा भाडेकरू आला की त्याला वाटे, वाडीत काहीतरी सण आहे.

पण मंडळी, हा विनोद तेवढाच खरा, जेवढा भिंतीच्या बाहेर होता. एकदा त्यांनी मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं.

"तुमी शिकलेले हाव. हा उतार बगा."

रस्ता उंच होता. डबे त्याच्या कडेला. तिथून जमीन सरळ भिंतीकडे उतरत होती आणि भिंतीपलीकडे बाव.

"कचऱ्याचं मला काय नाय," मालक म्हणाले. "लोकांची घाण, लोक भोगतील. पन पाऊस पडला का ह्यो सगळा रस इकडं येनार. माज्या बापाने एवढी एकच गोष्ट मागं ठेवलेली हाय. बाकी चिकू काय, चिकू सगळ्यांकडंच हाय."

म्हणजे डब्यांची ही सगळी राखण बावीसाठी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

शेजारच्या बंगल्यात एक निवृत्त अधिकारी राहत. सगळे त्यांना साहेब म्हणत. टापटीप माणूस. बंगल्याच्या फाटकावर 'स्वच्छता हाच धर्म' अशी फरशी बसवलेली. एका सकाळी डब्यांना टेकून एक डबल गादी उभी दिसली. गादीच्या मधोमध चहाचा मोठा डाग होता, आणि तो डाग दर उन्हाळ्यात साहेबांच्या गच्चीवर वाळत पडलेला अख्ख्या रस्त्याने पाहिलेला होता. मालकांनी या खेपेला घोषणा दिली नाही. त्यांनी हातगाडी काढली, गादी तिच्यावर आडवी घातली, वर स्वतःची चादर पसरली आणि गाडी ढकलत बंगल्यावर गेले. साहेबांकडे त्या दिवशी सत्यनारायण होता. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. मी मागोमाग गेलो होतो. अशा वेळी माझी तब्येत नेहमी उत्तम असते.

"साहेब," मालक दारातून म्हणाले, "तुमची गादी रस्त्यावर पडली व्हती. रातच्याला पाठ दुखंल तुमची."

मला वाटलं, आता साहेब जमिनीत जातील. साहेबांनी प्रसादाचा हात धोतराला पुसला, गादीकडे पाहिलं आणि अत्यंत सहज आवाजात म्हणाले, "मागच्या बाजूला ठेवा. प्रसाद घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी ती गादी काचेच्या हिरव्या डब्यात सापडली. कापून, छोटे छोटे तुकडे करून, नीट बसेल अशी. मालक बराच वेळ डब्यात वाकून बघत राहिले. "सुदारले साहेब," ते म्हणाले. "पयले ते बाहेर टाकत व्हते."

ही झाली आपल्या माणसांची गोष्ट. मग टेम्पो आला.

तो दिवेलागणीला येई, डब्यांच्या मागे थांबे आणि गोणी उतरवून निघून जाई. गोणींतून काळपट, ओलसर, तीव्र वासाचा गाळ झिरपे. मी प्रयोगशाळेतला माणूस. तो काय आहे हे अगदी नेमकं सांगता आलं नाही तरी कुठल्या घरचा आहे एवढं नाकाला कळत होतं. तो गाळ ज्या जागी रीतसर न्यायचा, त्या जागेपेक्षा आमचं वळण जवळ होतं, एवढाच त्याचा आमच्याशी संबंध. मालक टेम्पोच्या आडवे उभे राहिले. ड्रायव्हर तरुण, हसतमुख पोरगा होता.

"चाचा, सब डालते हैं," तो म्हणाला. "बोर्ड लगा है, कचरा डालो. हमने डाला तो बुरा लगा?"

"ये कागद का डबा हाय!"

"तो बोरी में बांधके ही लाया हूँ ना."

कोलंबीवाल्या ताईंचं तर्कशास्त्र एवढं दूरवर पोचलेलं पाहून मला भरून आलं.

मालक पंचायतीत गेले. तिथल्या एका सदस्याने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि शांतपणे समजावलं, "मालक, डबे कंपनीचे. रस्ता बांधकाम खात्याचा. कचरा लोकांचा. आमचं काय हाय त्यात, सांगा बगू?" कंपनीत गेले, तर समाजसेवेचा झटका उतरून गेला होता आणि ते काम बघणाऱ्या मॅडम पुण्याला गेल्या होत्या. पोलीस म्हणाले, टेम्पो पकडून ठेवा, आम्ही येतो. मालकांनी एकदा तसा पकडूनही ठेवला. चाकाखाली आडवे झोपले. ड्रायव्हर बिचारा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला, अधूनमधून "चाचा, घर जाना है" म्हणत. पोलीस आले नाहीत. शेवटी काकूंनीच मालकांना उठवून घरात नेलं.

त्या रात्री मालक जेवून लगेच झोपले. आणि सकाळी उठले ते हसतच.

बावीच्या काठाला धुण्याचा एक दगड होता. काळा, गुळगुळीत, मालकांच्या आईच्या काळापासूनचा. काकूंची सगळी धुणी त्याच्यावर. मालकांनी पहार घालून तो उपटला, काकूंच्या आरडाओरड्याकडे लक्ष न देता ढकलत फटीतून बाहेर काढला, डब्यांच्या बाजूला चिंचेखाली उभा केला आणि त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला. दोन डोळे चिकटवले. झेंडूची माळ घातली. उदबत्ती खोचली. मग चार पावलं मागे येऊन, नटाने आरशात बघावं तसे बघत राहिले.

"आता या म्हनावं," ते म्हणाले.

मंडळी, मी या डोळ्यांनी पाहिलंय. संध्याकाळी टेम्पो आला. दिवे दगडावर पडले. करकचून ब्रेक लागला. पोरगा खाली उतरला, चपला काढल्या, हात जोडले.

"चाचा, ये कब से हैं इधर?"

"पयलेसे हाय," मालक भिंतीआडून म्हणाले. "तूने आज देखा."

पोरगा कानाला हात लावून टेम्पोत बसला आणि गोणी न उतरवता निघून गेला. भिंतीच्या आत मालक जमिनीवर लोळून हसत होते. पंचायत, पोलीस, कंपनी यांना जे जमलं नव्हतं ते शेंदराच्या एका पुडीने केलं होतं. त्यानंतर खरोखर तिथे कुणी कागदात गुंडाळलेली कोलंबीसुद्धा टाकेना. डब्यांत चक्क रद्दी दिसू लागली. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला बावीचं पाणी पाजत आणि उगीच खूश असत. फक्त काकू खूश नव्हत्या. त्या घंगाळ्याच्या काठावर कपडे चोळत आणि म्हणत, "देवाची चेष्टा केलीत. तो बगून घेईल."

देवाने बघून घेतलं की माणसांनी, ते तुम्ही ठरवा.

पहिल्यांदा दगडापाशी एक तसबीर दिसली. काच तडकलेली लक्ष्मी. फुटक्या काचेचा देव घरात ठेवू नये, आणि कचऱ्यातही टाकू नये. मग ठेवायचा कुठे, हा आपल्याकडच्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे. आमच्या गावाला त्याचं उत्तर सापडलं होतं. देवाचं देवापाशी. दुसऱ्या दिवशी जुनी कॅलेंडरं आली, देवांच्या चित्रांमुळे फाडता न येणारी. मग वाळकी तुळस, लग्नाच्या पत्रिका, गेल्या वर्षीची मखरं, थर्माकोलचे गड-किल्ले, रंग उडालेले गणपती, गौरींचे मुखवटे, वारलेल्या सासूची जपमाळ, तिचा चष्मा आणि, आता आलोच आहोत तर, तिची औषधंही. कचरा पूर्वीपेक्षा जास्त आणि आता तो उचलायचा कुणी? झाडूवाले म्हणाले, आम्ही देवाला हात लावणार नाही. भंगारवाला लांबूनच पाया पडून सायकल वळवी. मालकांनी जुन्या पद्धतीने लक्ष्मीची एक तसबीर तिच्या घरी परत नेऊन दिली, तर त्या घरच्या म्हातारीने दारातच हंबरडा फोडला, की माझ्या उंबऱ्यावर भंगलेली लक्ष्मी आणून ठेवली. चार माणसं मालकांच्या अंगावर धावून गेली. साहेब मध्ये पडले. "मालक," ते गंभीरपणे म्हणाले, "देव कधी परत करतात का?"

गादी परत करता येत होती. देव परत करता येत नव्हता.

तोवर दगडाची कीर्ती पसरली होती. काहींना तो मारुती वाटे, काहींना म्हसोबा, पलीकडच्या पाड्यावरच्या लोकांना वाघोबा. उमरोळीहून बायका रिक्षा करून येऊ लागल्या. समिती झाली, साहेब तिचे अध्यक्ष झाले आणि समितीने पहिलाच ठराव केला की देवाशेजारी कचऱ्याचे डबे शोभत नाहीत. डबे एका ट्रॉलीत घालून कुठेतरी नेले. पुढे मला त्यातला हिरवा एका ढाब्यामागे दिसला, पाणी साठवायला ठेवलेला. चौथरा झाला, त्यावर देऊळ उठलं, टाइल्स लागल्या, घंटा आली. घंटा टेम्पोच्या मालकाने दिली होती. त्याच्या गोणी आता पुढच्या नाल्यात उतरत, आणि तिथे अजून कुणी दगड उभा केलेला नव्हता.

निर्माल्याचं काय? निर्माल्य पाण्यात सोडायचं असतं. समुद्र लांब. जवळचं पाणी कुठलं, हे मी तुम्हांला सांगायला नको. भिंतीत फट होतीच, फाटक नव्हतंच.

लोक आत येत, चपला बाहेर काढून, हात जोडून, आणि फुलं बावीत सोडत. प्लास्टिकच्या पिशवीसकट. फुलांमागून माळा गेल्या, माळांमागून तसबिरी, मग प्लास्टरच्या मूर्ती. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. उलट इतक्या भक्तिभावाने कचरा टाकलेला मी कधी पाहिला नाही. मालक ओरडत, हातापाया पडत. लोक म्हणत, "काका, तुमी नशीबवान, तीर्थ तुमच्या दारात हाय." त्यांनी एकदा फटीत विटा रचल्या. सकाळी विटा बाजूला होत्या आणि भिंतीवर पाटी होती, 'तीर्थकुंडाकडे'. मग चिकू उतरवायची जाळीची लांब काठी घेऊन ते दिवसभर बावीच्या काठी उभे राहू लागले. वाकून वाकून एकेक देव जाळीत धरत, वर काढत आणि कठड्यावर ओळीने वाळत ठेवत. वर दोरीवर दुधाच्या पिशव्या, खाली भिजलेले देव. घोषणा बंद झाल्या. बसगाड्या जात, खिडकीतून लोक नमस्कार करत. भिंतीवर उभ्या राहणाऱ्या माणसाची कुणाला आठवण नव्हती.

पाण्यावर आधी रंगीत तवंग आला, मग वास. काकूंचे हात खाजू लागले. त्यांनी भात शिजवायला बावीचं पाणी बंद केलं, मग आंघोळीला, आणि शेवटी मालकांच्या घरात, कुंभवलीच्या अलीकडच्या सर्वांत गोड पाण्याच्या घरात, पिण्याच्या पाण्याचा निळा जार आला. मी हल्ली पालघरला राहतो. अधूनमधून त्यांना भेटायला जातो. मालक अजून उठून पाणी देतात. जारची तोटी दाबतात, पेला भरतात, माझ्या हातात देतात. आणि दुसरीकडे बघतात. मी पाणी पिताना माझ्या तोंडाकडे बघायचं त्यांनी सोडून दिलंय.

एक प्रसंग मी मुद्दाम राखून ठेवला होता. तो सांगतो आणि उठतो.

देवळावर कळस चढला त्या दिवसाचा. वळणावर पुन्हा मंडप, माईक, हार. डब्यांच्या उद्घाटनाला आले होते त्यातले काही पाहुणेही होते. ही माणसं कशाच्या का होईना, उद्घाटनाला येतातच. एका बाजूला महाप्रसादाच्या पंगती बसलेल्या. साहेबांनी मूळ जागा राखल्याबद्दल मालकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. काकू बायकांच्या घोळक्यात, पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या.

मालकांनी माईक धरला. मला वाटलं, आता घोषणा येणार, शुद्ध पुस्तकी. पण ते घरच्या बोलीत बोलले. सगळ्या गावापुढे पहिल्यांदाच.

"ऐका रं. ह्यो देव नाय. ह्यो आमचा धुन्याचा दगड हाय. माज्या आईने ह्याच्यावर आमची लुगडी-लंगोट आपटली. मीच उपटला, मीच शेंदूर लावला. तुमची घान थांबावी म्हनून लावला. चूक झाली. आता तुमी माज्या बावीत काय टाकू नका. हात जोडतो."

पंगतीत वाढपी थबकले. मला क्षणभर वाटलं, लोक त्यांना मारतील. आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान ऐकलं असं तरी झालं असतं.

साहेबांनी माईक हळूच काढून घेतला. त्यांचे डोळे भरले होते. खरोखर भरले होते, तो माणूस ढोंगी नव्हता, हीच तर पंचाईत.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "भक्तहो, ऐकलंत? पिढ्यानपिढ्या या घराचे घाव अंगावर झेलत देव त्यांच्या विहिरीकाठी बसून होता! मळ धूत होता! आणि वेळ आली तेव्हा त्यांच्याच हातून बाहेर प्रकटला!"

असा काही जयजयकार झाला की चिंचेवरचे कावळे उडाले. बायका रडू लागल्या. कुणीतरी मालकांच्या पाया पडलं, मग दुसरं, मग रांगच लागली. मालक शाल अंगावर घेऊन, नारळ धरून मध्यभागी उभे होते आणि पाया पडणाऱ्यांपासून पाय मागे घेत होते.

तेवढ्यात काकू उठल्या. चारचौघांत कधी वर मान न करणारी ती बाई घोळक्यातून वाट काढत पुढे आली, पदर खांद्यावर पडला तरी तिने सावरला नाही.

"दगड ऱ्हाऊ दे तुमाला," त्या साहेबांना म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण माईक चालू होता आणि तो सगळ्यांना ऐकू गेला. "दगड नको मला. माजी बाव तेवढी परत द्या."

जयजयकार थांबला. या वाक्याचा चमत्कार कसा करायचा ते साहेबांना सुचेना. भटजींनी घंटेकडे पाहिलं. मंडपभर कुणीच कुणाकडे बघेना. आणि मला वाटलं, आता, आता कुणीतरी काहीतरी बोलेल.

बोललं. जेवून उठलेल्या पहिल्या पंगतीतून, खरकटी पत्रावळ दोन्ही हातांत धरून उभा असलेला एक माणूस मोठ्याने म्हणाला, "ओ काकू, ते बगू नंतर, ह्या पत्रावळ्या कुठं टाकायच्या ते आदी सांगा!"